माळ्याची शिडी काढल्याबाबत

नाव चंद्रभागा जयराम जुंद्रे, वय ५४ वर्षे, धंदा भातशेती व भाताच्या गिरणीत मजुरी, राहणार घोटीजवळ, तालुका इगतपुरी, जिल्हा नाशिक.

मी आज पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी आले आहे, मला कोणी धरून आणलेले नाही. माझे दीर कारभारी जुंद्रे यांनी, मी त्यांना माळ्यावर कोंडून ठेवले, अशी तक्रार दिली आहे. त्याबाबत विचारल्यावरून जे झाले ते सांगते की,

मी वरील ठिकाणी माझी सासू लंकाबाई हिच्यासह राहते. माझे पती जयराम वारले आहेत. सासू ऐंशीच्या पुढे आहे व एक पाय निकामी असल्याने खाटेवरच असते. दीर कारभारी यांचे नाशिकला द्वारकेजवळ गाड्यांच्या स्पेअर पार्टचे दुकान आहे व ते तिकडेच फ्लॅटमध्ये राहतात. आईला नाशिकला नेतो, असे ते दर सणाला म्हणतात. सासू नको म्हणते. ते तिचे म्हणणे आहे, मी पढवलेले नाही.

आमचे घर पत्र्याचे आहे, त्याची मला लाज वाटत नाही. पत्र्याखाली फळ्यांचा माळा असून त्यावर मी गिरणीतून आणलेल्या तुसाच्या गोण्या दाटीने अंथरल्या आहेत. पत्रा कितीही तापला तरी तूस तो ताप खाली येऊ देत नाही. माळ्याच्या दोन टोकांच्या तिकोनी भिंतींत एकेक झरोका आहे, एक पश्चिमेला व एक पूर्वेला. उन्हाळाभर दोन्ही उघडे असतात, म्हणजे पत्र्याखाली कोंडलेली गरम हवा निघून जाते. मृग लागायच्या आत आम्ही पश्चिमेच्या झरोक्याला पेंढ्याची झड, म्हणजे आडोसा, बांधतो, कारण आमच्याकडे वारा-पाऊस तिकडूनच घरात घुसतो. पूर्वेचा झरोका आम्ही कधीच बुजवत नाही. वारा कुठून तरी आत शिरतोच, त्याला बाहेर जायला वाट नसेल तर तो पत्रे उचलतो. हे आमच्याकडे कोणालाही विचारावे. कारभारी यांनासुद्धा ठाऊक आहे. सासरे झड बांधायचे तेव्हा पेंढा खालून तेच द्यायचे.

मे महिन्यात समुद्रात चक्रीवादळ आले व नाशिक जिल्ह्यातही जोराचा वारा होईल असा इशारा सगळ्यांच्या मोबाईलवर आला. मी सकाळीच पश्चिमेची झड बांधली, सासूला चहा-भाकर दिली व गिरणीत गेले. माझ्या माघारी कारभारी नाशिकहून गाडी घेऊन आले. त्यांनी सोबत आणलेले पत्र्याचे तुकडे दोन्ही झरोक्यांवर मशीनने स्क्रू मारून पक्के बसवले. दुकानाचे शटर ओढावे तसे त्यांनी घर बंद केले. तुसाच्या गोण्यांत उंदीर होतात म्हणून त्या माळ्यावरून अंगणात फेकल्या. त्यांच्या मनात वाईट होते असे मी म्हणत नाही. काम झाल्यावर घरात उकडते म्हणून ते गाडीत एसी लावून बसले.

मी दुपारी परत आले तेव्हा सासू डोळे मिटून पडली होती. हाक मारली तर ओ देत नव्हती. अंग भाजत होते आणि घामाचा थेंब नव्हता. मी घाबरले, हे लिहावे. शेजारच्या सगुणाबाईला बोलावून आम्ही दोघींनी खाट उचलून अंगणातल्या उंबराखाली नेली, अंगावर ओली लुगडी टाकली. डॉक्टरांनी येऊन सलाईन लावले. संध्याकाळी तिने डोळे उघडले व आधी माझ्याकडे, मग उभ्या गाडीकडे बघितले.

मी गाडीजवळ जाऊन कारभारी यांना झरोके उघडा असे सांगितले. ते म्हणाले, "वहिनी, वादळ जाईपर्यंत काहीच उघडायचं नाही. आणि उद्या आईला मी घेऊन जातो. या घरात ती मरेल." मी त्यांना सांगितले की हे घर तिने मातीपासून उभे केले आहे, व आज ती मेली असती तर तुमच्या पत्र्याने मेली असती. त्यावर त्यांनी काच वर केली. सासूला आम्ही रात्री ओट्यावरच ठेवले.

दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत वादळ आले नाही, नुसते ऊन होते. सासू उंबराखाली खाटेवर होती. दुपारी कारभारी सासूच्या कपड्यांची पेटी काढायला माळ्यावर चढले. तिला न्यायचे त्यांनी ठरवलेच होते, तिला विचारले नव्हते. त्याच वेळी मला पत्र्यांवर वाळूची पोती ठेवायची होती, म्हणून मी शिडी काढून बाहेर नेली. घरात शिडी एकच आहे. माळ्याला दार नाही, कडी नाही, कुलूप नाही. उतरायची जागा उघडीच होती. उंची फार नाही, परंतु कारभारी यांचे पोट सुटलेले असल्याने त्यांना उडी मारण्याचा धीर झाला नसावा.

पोती ठेवून झाल्यावरही मी शिडी लगेच जागेवर लावली नाही. हे खरे आहे व मी ते लपवत नाही. मी शिडी उंबराला टेकवली आणि सासूजवळ जाऊन बसले.

कारभारी आतून हाका मारू लागले. वहिनी, जीव जातोय, असे ते म्हणाले. उत्तर सासूने दिले. तिचा आवाज बारीक झाला आहे, पण दार उघडे असल्याने आत ऐकू गेला. ती म्हणाली, "कारभाऱ्या, काल मीबी अशाच हाका मारीत व्हते. तुझ्या गाडीच्या काचा बंद व्हत्या."

हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. सासूने मलाही सांगितले नव्हते.

मग माळ्यावरून लाथांचे आवाज आले व पूर्वेच्या झरोक्यावरचा पत्रा स्क्रूसकट अंगणात पडला. पश्चिमेचा पत्रा व त्याखालची झड यांना त्यांनी हात लावला नाही. मी खालून तसे सांगितले नव्हते, त्यांचे त्यांनाच आठवले असावे. त्यानंतर मी शिडी लावली. कारभारी घामाने निथळत खाली आले, रांजणाजवळ बसून तांब्याभर पाणी प्याले व पेटी न घेताच गाडीत बसून गेले. आईच्या खाटेजवळून जाताना त्यांनी मान खाली घातली होती.

मी व सगुणाबाईने गोण्या परत माळ्यावर चढवल्या. संध्याकाळी वारा आला व गावातील पुष्कळांचे पत्रे गेले. आमचा एकही हलला नाही.

अंगणातला पत्रा कोणी तोडला असे मला इथे विचारले. तो कारभारी यांनी स्वतः तोडला. आई तिथे सुरक्षित नाही असे त्यांनी तक्रारीत लिहिले आहे. सासूचा जबाब घ्यायचा असल्यास साहेबांनी घरी यावे, भर दुपारी यावे व तिच्या खाटेजवळ बसून घ्यावा.

घरचे भांडण आहे, माफी लिहून द्या म्हणजे मिटेल, असे मला इथे समजावण्यात आले. मी माफी लिहून देणार नाही. सासूला हात धरून कोणी गाडीत घालायला आले तर मी आडवी पडेन, हेही लिहून ठेवावे.

वरचा सगळा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, मी सांगितला तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करते. सहीच्या आधी एवढे वाढवून घ्यावे की, शिडी पुन्हा माळ्याला लावलेली आहे. कारभारी यांना पूर्वेचा झरोका पुन्हा बुजवायचा असेल तर त्यांनी खुशाल वर चढावे.