हंसाचा डबा

हसू नका गं, तुमच्या घरात झालं असतं म्हणजे कळलं असतं. मी भारीतल्या पावडरींचे डबे जमवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यातला हंसाचं चित्र असलेला पॅरिसचा डबा बोटीवरच्या मामाने मला लग्नात दिलेला. कंपनीने तो एकाच वर्षी काढला, पुन्हा नाही. म्हणून मी त्याचा शिक्कासुद्धा फोडला नव्हता.

परवा मुरबाडला जत्रेतल्या नाटकाला बसलो होतो. आमचे चुलतदीर दामूभावजी राणी होऊन आरशापुढे बसले आणि पदराआडून काढला तो माझाच डबा! मूठमूठ पावडर गालांवर थापत होते.

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "बघ गो, बाईमाणसानं असं नटावं. नायतर तू!"

लग्नानंतर पहिल्यांदाच माझा आवाज चढला. "आई, तो डबा माझा आहे!"

"तुझाच गो. मीच दिला पेटीतून काढून. तू लावतेस कुठं?"

"लावायचा नव्हताच तो! तसला आता जन्मात मिळायचा नाही."

सासूबाईंनी एकदा राणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मग बरंच झालं. येवढी भारी पावडर, तुझ्या तोंडाला फुकट गेली असती."