वाऱ्याकडचा कोपरा

उत्तरायण तोंडावर आलेलं. निजामपुऱ्यात पतंगाची दोरी रंगवून घ्यायच्या रांगेत प्रेमलाबाई उभ्या होत्या. पुढे एकाच सोसायटीतले कुणाल आणि यशश्री तापले होते.

"सेक्रेटरी गच्चीला कुलूप लावतोच कसा? आपण काय त्याचे गुलाम?"

"कुणाल, आज पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोललास! फोडू या कुलूप."

"मग वाऱ्याकडचा कोपरा माझा. जास्त पैसे देईल त्याचा."

"आले मोठे शेठ! गच्ची सगळ्यांची. कोपरा पाळीपाळीनं."

"वा, समाजवाद! माझा पतंग चढला की तुझी कमिटी उतरवणार?"

"आणि तुझ्या स्वातंत्र्यात गरिबाच्या पोरांनी जिन्यात उडवायचे?"

प्रेमलाबाईंनी हळूच विचारलं, "मग कोपरा कोणाचा, हे ठरवणार कोण, बाळांनो?"

"सेक्रेटरीच, मावशी! दुसरं कोण?"

"हो, आणि ठरेपर्यंत कुलूप राहू दे. नाहीतर हा पहाटेच जाऊन बसेल."