गवंड्याच्या बोटांचे ठसे

ट्युसनमधल्या ठसे घेणाऱ्या ऑफिसात माझ्या पुढे एक गवंडी उभा होता.

"मिस्टर हॉफर, मशीन पुन्हा नाही म्हणतंय. बोटांवर रेषाच नाहीत हो."

"राहतील कशा, बाई? ओहायोत तेवीस वर्षं विटा आणि सिमेंट. गुडघे गेले, म्हणून इकडे मुलीकडे आलो."

"आणि आता मास्तर? शिक्षणाची पदवी आहे?"

"नाही. बांधकाम शिकवायचंय. कामाच्या अनुभवावर परवाना मिळतो. पण पोलीस तपासणीसाठी ठसे नसले तर शाळा वर्गात पाऊल ठेवू देणार नाही, आणि वर्ग सोमवारी सुरू."

"हे क्रीम चोळा. दहा मिनिटांनी परत घेऊ."

"तरी नाही उमटले तर?"

"तर आणखी चोळा. मी पाचपर्यंत इथेच आहे. पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवणार?"

"हातमोजे घालायला."