न भाजलेला तुकडा

आमचा धनगरवाडा विंझरच्या वर, पार डोंगरात, आन आमी गुरंवाले, म्हंजी निम्मं लहानपण शेणातच गेलं बगा, आन आता मातीतल्या जीवाणूंचा अभ्यास करते तर आय म्हणती, एवढं शिकून घाणच चिवडायची हुती व्हय. काय सांगू तुमाला, हसावं का रडावं.

पुण्यात मोठ्या संस्थेत लागले, डॉक्टर झाले, तरी भायेरचे पावणे आले की मलाच इचारायचे, बाई, मॅडम कुठं हायती? मीच मॅडम म्हणलं की वरून खालपत्तुर बघायचे. डोंगरात जायचं असलं की मातर माझी आठवण, तुमचाच भाग की वो त्यो. आन लेख छापताना माझं नाव शेपटाला. लई राग यायचा, गिळायचे.

मग भांडून भांडून सवताचं काम मंजूर करून घेतलं. आमच्याकडं नाचणीची, भाताची रोपं टाकायच्या आदी राब भाजत्यात, म्हंजी जमिनीवर शेण, पाला, फांद्या रचून पेटवायचं. भाजल्यावर मातीतले जीव कसे मरत्यात, परत कसे येत्यात, हे मला बघायचं हुतं. दादाच्याच रानात तुकडे आखले, आन एक अजिबात भाजायचा न्हाई म्हणलं, बाकीचे त्याच्याशीच ताडून बघायचे हुते. दादाला चारदा बजावलं, त्यो व्हय व्हय म्हणला.

उन्हाळ्यात गेले तर त्यो न भाजायचा तुकडाबी काळा. दादा, हे काय केलंस? म्हणतो कसा, आगं, समद्यांचं भाजून झालं, तुझाच तुकडा तसा, बाया हसाया लागल्या, बहिणीचं रान बिनराबाचं ठिवलं म्हणून, मला न्हाई बघवलं. शेण आयनं डोईवरनं वाहिलं हुतं. आता रागवायचं तरी कुणावर? मी बांधावर बसून रडले.

संस्थेतल्या साहेबांनी ऐकलं आन म्हणले, घरच्यांनाच समजावता येत न्हाई तुमाला. काम दुसऱ्याला दिलं. मी आता हापिसात बसून दुसऱ्यांचे कागद तपासते.

ह्या साली दादानं चांगल्या रानातला एक तुकडा न भाजता सोडला, भवती काट्यांचं कुपान घातलं. बाया हसत्यात, त्यो म्हणतो हसू द्या, आमच्या ताईचं काम हाय. ते काम माझं राहिलं न्हाई, हे त्याला सांगाया अजून जीभ रेटत न्हाई माझी. सुट्टीला एसटीनं येते, कुपानात शिरते, माती उकरून पिशवीत भरते. त्यो गडी लांब उभा राहून बघतो. देव त्याचं भलं करो.