सराईचा चौथा कोपरा

हसा खुशाल, पण कॅमेऱ्याचं ते रुंद भिंग मी का विकलं ते ऐका. पारनेरची जुनी सराई पाडायची होती, त्याआधी पंचांना आतल्या दालनाचा फोटो हवा होता. माझ्या नेहमीच्या भिंगात तीनच कोपरे मावत, म्हणून नगरहून मुद्दाम रुंद भिंग आणलं. आत उजेड कमी, पाच मिनिटं कॅमेरा उघडा ठेवावा लागणार. राखणदार हुसेनचाचा तेवढ्यात झाडायला लागले. आत आम्ही दोघंच. म्हटलं, "झाडा, चाचा. हलणारं माणूस फोटोत उमटत नाही."

फोटो धुतला. चाचा खरंच उमटले नव्हते. पण चौथ्या कोपऱ्यात एक म्हातारा गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, तसूभरही न हललेला.

चाचांना दाखवला. ते म्हणाले, "ह्यो व्हय? ह्यो रोजच असतो. मी वळसा घालूनच झाडतो."