आत्याच्या कपाळाची चौकशी

मटकी! तुम्हाला सांगते, सगळ्यात आधी मला खटकली ती मटकी. त्या विक्कीने फ्रीज उघडला, सुरकुत्या घालवायच्या इंजेक्शनची इवलीशी बाटली काढली, आणि बाटलीच्या शेजारी काय, तर फडक्यात बांधलेली मोड आलेली मटकी! आता ते औषध थंड ठेवायचं असतं, मान्य, मी बी.कॉम. असले तरी एवढं वाचलंय, पण मटकीच्या मांडीला मांडी लावून? मी आत्याचा दंड दाबला, कानात म्हटलं, "आत्या, मटकी!" तर गळ्याला टॉवेल गुंडाळून, डोळे मिटून, हळदीला बसलेल्या नवरीसारखी बसलेली आमची लीलाबाई आत्या म्हणते कशी, "आसू दे गं. त्याला बी पोट हाय का न्हाई? गप बस. समदी चौकशी झालीया!"

समदी चौकशी झालीया! अहो, याच वाक्यानं तर घात केला...

थांबा, आधी कपाळाचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल या बायका तिथे गेल्याच कशाला. आत्या आंदर मावळातली. जन्मभर भात कापलं, झोडलं, उन्हात डोळे बारीक करून करून दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा अशा बसल्यात, की बाई हसली तरी समोरच्याला वाटतं आता पायताण काढणार! आणि हसते किती? तिच्या हसण्यानं गोठ्यातली म्हैस दचकते. (मीही दचकते, पण मी कशालाही दचकते, माझं सोडा.) तर तिचा कैलास, माझा आतेभाऊ, नवलाख उंबरे गावच्या कंपनीत पर्मनंट, निर्व्यसनी, दिसायला बरा. तरी दोन स्थळं परत गेली! का? तर मध्यस्थ सांगतो, "मुलगा पसंत आहे हो, पण सासूबाई जरा... खाष्ट वाटतात."

खाष्ट! जी बाई कोंबडीला हाकलताना "जा गं बाय" म्हणते, ती खाष्ट? हे ऐकून आत्या आधी खो खो हसली, आणि मग जेवलीच नाही. ताटावर बसून म्हणाली, "माज्या थोबाडापायी पोराचं लगीन अडलं गं." आणि लगेच म्हणते, "सृष्टे, तू लोणावळ्याला रिसॉर्टात काउंटरवर बसतीस, तितं कपाळाला इस्त्री केलेल्या बाया येत्यात म्हनतीस ना? ती इस्त्री कुटं करत्यात?"

झालं! आता आमच्याकडे जावई असो, बैल असो नाहीतर डॉक्टर, चौकशी एकच. गाव कुठलं, मामाचं गाव कुठलं, पाव्हणं कोण! आमच्या भावकीतले गेणूआबा, त्यांनी ओट्यावर बसून फोन स्पीकरवर टाकला आणि सगळं मावळ हलवलं. कामशेतला मोबाईलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी विक्की म्हणून आहे, तो "चेहऱ्याचं समदं करतो" असं कळलं. मग काय विचारता, आबांचा आवाज चढला, "आरं, नाणे मावळातला! आज्जी आपल्याच वाडीची निगाली की! लय चांगलं घर, दारात जित्राबं हायेत!" मी भीत भीत विचारलं, "आबा, तो शिकलाय काय?" तर आबा माझ्याकडे असे बघतात, जणू मी मधेच शिंकले. "आगं, त्याचा चुलता पोलीस पाटील व्हता!"

आता यापुढे बोलणार काय? चौकशी झाली ना!

तर आम्ही तिथे. मटकी डोळ्यांसमोर. भिंतीवर एक चौकट, त्यात सोनेरी अक्षरांचं प्रमाणपत्र. मी चष्मा पुसून वाचलं. "दाढी व केशरचना शिबिरात सहभागाबद्दल." सहभागाबद्दल! म्हणजे दाढीतसुद्धा नंबर आलेला नाही! मी म्हटलं, "डॉक्टर... दादा... म्हणजे, तुमची डिग्री कोणती?" तर पांढऱ्या कोटातून हसून म्हणतो, "ट्रेनिंग झालंय ना ताई, मुंबईला." "मुंबईला कुठे?" "ऑनलाइन." "आणि बाटलीवर नाव का नाही?" "इम्पोर्टेड आहे." "मग काही उलटसुलट झालं तर?" "काय होणारे? फार तर पापणी खाली येते. येते परत वर... आपोआप!"

पापणी! म्हणजे खाष्ट सासू होती, आता डोळा मारणारी सासू होणार? पुढच्या स्थळाचा सासरा काय समजेल? मी हा विचार करतेय, तो सुई भरतोय, आत्या कुलदैवताचं नाव घेतेय, आणि तेवढ्यात तो फ्रीज एकदम "घर्रर्र" करून सुरू झाला! तुम्हाला सांगते, मी अशी किंचाळले, अशी उडाले, माझं कोपर ट्रेला, ट्रे विक्कीला, सुई कपाटाखाली, आणि मी आत्याला ओढत जिन्यावरून खाली! थेट रिक्षात! टॉवेल तिच्या गळ्यातच!

घरी केवढा गहजब! आबा म्हणाले, "पाव्हण्याच्या दारातनं पळून आलात? आता त्याच्या आज्जीला त्वांड कसं दाखवू?" आत्याने भुवया आवळल्या, आरशात पाहिलं आणि ओरडली, "बग! तुज्यापायी तिसरी रेग उगवली!"

दुसऱ्या दिवशी मी कान्हे गावातल्या आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या ताप-खोकला बघतात, लहानपणापासून मला ओळखतात, म्हणजे मी सुई बघून टेबलाखाली गेले होते तेव्हापासून. म्हटलं, तुम्हीच टोचा ना. तर म्हणाल्या, "सृष्टी, मी डॉक्टर असून ते टोचत नाही, कारण मी ते शिकले नाही. त्वचारोगतज्ज्ञ गाठ. मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का बघ. औषधाचं सीलबंद खोकं तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला सांग. आणि आत्याच्या बीपीच्या गोळ्या त्यांनी आधी विचारल्याच पाहिजेत, नाही विचारल्या तर उठून ये. आणि नंतर काही वाटलं, तर फोन उचलणारं माणूस हवं."

हे मी घरी येऊन सांगितलं. आबांनी बराच वेळ मिशी कुरवाळली. मग म्हणाले, "म्हंजी ही बी चौकशीच की! फकस्त मानसाच्या गावाऐवजी डिग्रीचं गाव इचारायचं!"

अहो, इतकं सोपं! मग आबांनी टॉवेल परत करायला म्हणून विक्कीला फोन लावला. वाजतोय... वाजतोय... उचलत नाही. परत लावला. बंद! टॉवेलासाठी उचलत नाही, तो पापणीसाठी उचलणार? आबांनी टॉवेलाची घडी घातली, खांद्यावर टाकली आणि पाव्हणेपण तिथेच मिटवलं.

तळेगावात एक त्वचारोगतज्ज्ञ बाई सापडल्या. मी नोंदणी तपासली. आहे! परत तपासली. आहेच! मग आज सकाळी ओट्यावर सगळं खटलं जमवून फोन लावला. कैलास म्हणतो, "आये, ऱ्हाऊ दे की, मला तू हाय तशी आवडतीस." आत्या म्हणते, "तुला आवडून काय करायचंय? व्याह्याला आवडाय नगं?" आणि अशी हसली की म्हैस उठून उभी राहिली. फोन वाजतोय. कुणी घेईना. आबा टॉवेलाकडे बघतायत. पुन्हा लावला. वाजतोय... वाजतोय...

"हॅलो?"

उचलला! माणसानं उचलला! मी एका दमात, "नमस्कार, मॅडम स्वतः टोचतात का, खोकं समोर फोडता का, बीपीच्या गोळ्या चालतात का, काही झालं तर फोन कोण उचलतं, आणि तुमच्या फ्रीजात मटकी आहे का?"

पलीकडून एका बाईचा हसरा, निवांत आवाज, "अहो ताई, श्वास घ्या! मॅडमच टोचतात, खोकं समोरच फोडतो, गोळ्यांच्या चिठ्ठ्या सोबत आणा, मॅडम आधी तपासतील. फोन मीच उचलते, मटकी माझ्या डब्यात आहे. पेशंटचं नाव? लीलाबाई... आंदर मावळ? अगं बाई! गाव कुठलं हो? त्यांचे पाव्हणे कोण?"

मी फोन आत्याच्या हातात दिला. करा म्हटलं, करा चौकशी!