शिरगुप्पे सरांची बस

सरकून बसा मंडळी, मागच्यांना जागा द्या. अभंग झाला, टाळ थांबले, आता गोष्ट. पण गोष्टीआधी एक प्रश्न — चुकणारा माणूस वाईट, की दुसऱ्याच्या चुका मोजत बसणारा? लगेच उत्तर देऊ नका. निम्म्यांच्या शेजारी घरची माणसं बसलीत, जपून बोलावं लागतं.

तर ऐका. विट्याचे तीन मित्र. पाचवीपासून एका बाकावरचे. दिनकर शिरगुप्पे — शाळेचे हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. रघुनाथ लोहार — याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान. आणि सुभान शिकलगार — शिंपी. तिघांची साठी उलटली आणि तिघांनी ठरवलं, युरोप बघायचा. मोठ्या बसमधून, चाळीस जणांबरोबर, चहा-पोह्यासकट.

बरोबर सहलीची व्यवस्था बघणारी केतकी नावाची मुलगी. हुशार, गोड बोलणारी. पण शिरगुप्पे सरांना पहिल्याच दिवशी तिच्यात दोष दिसला. म्हणाले, “केतकी, तू फार मऊ आहेस. लोक पाच-पाच मिनिटं उशिरा येतात. शिस्त मी लावतो.”

आता बघा, माणूस शाळेतून निवृत्त होतो, पण शाळा माणसातून निवृत्त होते का? सरांनी बसचा माईक हातात घेतला आणि नियम सांगितला. उशिरा येईल त्यानं सगळ्यांसमोर गाणं म्हणायचं. आणि दहा मिनिटांच्या पुढं उशीर झाला, तर त्याला सोडून बस निघणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याला होणाऱ्या शिक्षेला आपण नेहमीच टाळ्या वाजवतो.

आणि रोज उशिरा कोण यायचं? आपला रघुनाथ. रोज. प्रत्येक गावात. सगळे बसलेत, इंजिन चालू आहे, आणि लांबून रघुनाथ पाय उचलत येतोय. सर माईकवरून म्हणायचे, “आले. विट्याचे राजे आले. इयत्ता पाचवीतही हे प्रार्थना संपल्यावरच यायचे.” बस हसायची. रघुनाथ एक कडवं कसंबसं म्हणायचा आणि खाली मान घालून बसायचा.

का उशीर व्हायचा त्याला? अहो, तुम्हाला कळलं. त्या मागच्या रांगेतल्या आजोबांना तर केव्हाच कळलं, बघा कसे हसतायत. साठीनंतर माणूस नव्या गावात गेला की देऊळ नंतर शोधतो, मुतारी आधी. रघुनाथला तोच त्रास. बस थांबली की हा पळायचा, रांगेत उभा राहायचा, आणि बस निघायच्या आधी पुन्हा एकदा पळायचा. हे फक्त सुभानला माहीत. तो बाहेर याची पिशवी धरून उभा असायचा. “दिनूला सांग की लेका,” सुभान म्हणायचा. रघुनाथ म्हणायचा, “माईकवरून सांगेल तो. नको.”

सहावा दिवस. गाव ल्युसर्न. तळं, पूल, हंस — सगळं चित्रातल्यासारखं. पण लोकांचा जीव लागला होता पुढच्या बर्फाच्या डोंगरात. डोंगरावर जायची छोटी रेल्वे, तिची वेळ ठरलेली. सर म्हणाले, “आज कुणी उशीर केला तर गाठ माझ्याशी आहे,” आणि स्वतः पंधरा मिनिटं आधीच निघाले. बसमध्ये चढले. बस रिकामी. पुढच्या सीटवर बसले, टोपी डोळ्यांवर ओढली. गार वारा, पोटात पराठे — झोप लागली.

मंडळी, बस पांढरी होती. निळा पट्टाही होता. पण ती बस यांची नव्हती.

ती कोरियाच्या मंडळींची. ते आले, बसले. पुढं एक मिशीवाले गृहस्थ घोरतायत. त्यांच्या गाइडला वाटलं, हा ड्रायव्हरचा कुणीतरी. ड्रायव्हरला वाटलं, हा गाइडचा. आणि बस सुटली. चांगली पाऊण तास धावली. मग सरांना जाग आली. डोळे चोळत, मागं न बघताच त्यांनी विचारलं, “केतकी, आज कोण कोण उशिरा आलं? नावं सांग.”

मागं वळून बघतात, तर बेचाळीस अनोळखी चेहरे, आणि शेजारच्या आजीबाई हातावर तांदळाची वडी ठेवून म्हणतायत, खा.

इकडं आपल्या बसमध्ये काय? दहा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. सर नाहीत. सरांचा फोनही लागेना, कारण परदेशात फोन कशाला लागतो, असं त्यांचं मत. नाशिकचे एक डॉक्टर उठले. “नियम त्यांचाच आहे. बस सोडा.” मागून आवाज आले, बरोबर आहे, सोडा. रघुनाथ उठला, दारात जाऊन उभा राहिला. एक पाय बसमध्ये, एक खाली. म्हणाला, “तुम्ही जावा. मी थांबतो. तो मला सोडून गेला नसता.”

तेवढ्यात केतकीचा फोन वाजला. सरांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर तिचा नंबर होता, कोरियाच्या गाइडनं लावला. सर भलत्याच रस्त्यावर, चाळीस किलोमीटरवरच्या पेट्रोलपंपावर उतरलेत. आणायला जायचं म्हणजे डोंगराची रेल्वे चुकणार. पुढची मिळेल, पण वर जेमतेम अर्धा तास. बस तापली. “चुकीच्या बसमध्ये बसलेच कसे? कुणी बसवलं?”

रघुनाथ म्हणाला, “मी.”

सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या.

“मी घाईत होतो. त्यानं विचारलं आपली बस कुठली, मी तिकडं बोट दाखवलं.”

सुभाननं त्याच्याकडं बघितलं. शिंपी माणूस, टाका कुठं कच्चा आहे ते त्याला कळतं. त्या वेळी रघुनाथ कुठं होता, पिशवी कुणी धरली होती, सगळं त्याला ठाऊक.

सरांना घ्यायला बस गेली. सर चढले, तर डॉक्टर माईक रघुनाथच्या हातात देत होते. “यांनी तुम्हाला चुकीची बस दाखवली ना? मग आज दोन गाणी.”

सर मधल्या वाटेत उभे. मंडळी, जरा थांबू या इथं. काय करायचं होतं सरांना? काही नाही. नुसतं खाली बसायचं. हेडमास्तर पन्नास वर्षं चुकला नव्हता, तो आजही चुकला नसता. आणि रघुनाथची हरकत नव्हतीच. तुम्ही असता तर? खरं सांगा, बसला असता ना गुपचूप?

सरांनी त्याच्या हातातून माईक घेतला. म्हणाले, “हा खोटं बोलतोय. याला मी काही विचारलंच नाही. मी कधी कुणाला विचारतो का? बस मी चुकलो.”

मग सर रघुनाथच्या शेजारी बसले आणि हळू विचारलं, “रघ्या, माझ्यासाठी खोटं बोललास. मग रोज शिव्या खाऊन गप्प का बसतोस? जातोस कुठं?” रघुनाथनं कानात सांगितलं, कुठं जातो ते, किती वेळा जातो ते, आणि तिथं किती वेळ लागतो तेही.

माईक चालू होता.

सगळ्या बसनं ऐकलं. रघुनाथनं रुमालात तोंड लपवलं. कुणी हसलं नाही. मागून एक हात वर आला. मग दुसरा. मग पाच-सहा. नाशिकच्या डॉक्टरांचाही. “केतकी, दर दीड तासाला गाडी थांबवता येईल का? आम्ही लाजून बोललो नव्हतो.”

डोंगरावर अर्धाच तास मिळाला. बर्फ तेवढ्या वेळातही गारच लागतो. आणि पुढच्या प्रत्येक गावात लोकांनी एक नवल बघितलं. रघुनाथ आत, आणि बाहेर त्याची पिशवी धरून उभे कोण, तर शिरगुप्पे सर. सुभानला म्हणाले, “तू जा, हंस बघून ये. मी आहे.”

तर मंडळी, घड्याळ बघून माणूस उशिरा आलाय हे कळतं, पण का आलाय ते घड्याळात नसतं. ते त्याला विचारावं लागतं, आणि तेही माईक बाजूला ठेवून. तुमच्या घरी सून आहे, म्हातारे वडील आहेत, दुकानात कामाला माणूस आहे. रोज चुकतो म्हणून रोज बोलता. एकदा जवळ बसून विचारलंत का, बाबा, तुला होतंय काय?

चला, आता आरती. आणि ज्या मंडळींना मघापासून उठायचंय, पण उठलो तर बुवा काय म्हणतील म्हणून अवघडून बसलेत, त्यांनी निवांत जाऊन यावं. आरती थांबेल.